उन्हाळ्यात घर गार आणि वीजही कमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उकाडा वाढला की घरात दोन तक्रारी एकदमच सुरू होतात: रात्री झोप लागत नाही, आणि मीटर पळतोय. गेली काही वर्षं मी घरातलं तापमान आणि मीटरचं रीडिंग दोन्ही वहीत टिपून ठेवतोय, त्यामुळे ओळखीचे लोक याबद्दल विचारत असतात. त्या वहीतून मला एक गोष्ट पक्की कळली. गारव्यासाठी जी वीज जाते, तिच्यातली बरीचशी आपणच आत येऊ दिलेली उष्णता परत बाहेर ढकलण्यात जाते. म्हणून इथे आधी ऊन, मग वारा, पंखा, कूलर आणि त्यानंतर एसी, अशा क्रमाने प्रश्न घेतले आहेत.

सुरुवात कुठून करू?

मीटरपासून. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी वीज. डिजिटल मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो आणि किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तो आकडा शेजारी छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, एकच उपकरण चालू ठेवा आणि दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या संख्येला ६० ने गुणून ३२०० ने भागलं की किलोवॅट मिळतात. मिनिटाला ४ वेळा म्हणजे ७५ वॅट, हा झाला साधा पंखा. मिनिटाला ८० वेळा म्हणजे दीड किलोवॅट, हा कंप्रेसर चालू असलेला दीड टनाचा एसी. एसी तासभर पूर्ण जोरात चालतो, तेवढ्या विजेत पंखा वीस तास फिरतो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुलगा आत एकेक बटण बंद करत होता आणि मी टॉर्च घेऊन मीटरपाशी उभा होतो. त्याने आतून ओरडून सांगितलं, “बाबा, सगळं बंद!” तरी दिवा मिनिटाला दोनदा लुकलुकतच होता. सेट-टॉप बॉक्स, राउटर, नुसत्या रिमोटने बंद केलेला टीव्ही, भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर. मिनिटाला दोनदा म्हणजे साधारण ३७ वॅट. चोवीस तास, तीस दिवस हे चालू राहिलं तर महिन्याला २७ युनिट होतात, आणि ती सगळी वीज शेवटी घरातच उष्णता होऊन पसरते.

जाड पडदे लावले तरी खोली तापते. असं का?

कारण पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला. तापलेल्या पडद्यातून जी उष्णता निघते ती काचेतून तशीच परत बाहेर जात नाही, ती खोलीतच राहते. पडद्यामागे हात घालून बघा, दुपारी तिथे भट्टीसारखी धग असते. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवायला हवं. खिडकीबाहेर बांबूची चिक, शेडनेट, बाहेरून लावलेलं कापड, छज्जा, वेल, काहीही चालेल.

दिशा मात्र बघा. भर दुपारचं ऊन वरून येतं, ते छज्जा अडवतो. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून येणारं ऊन तिरपं असतं, ते छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे उभा आडोसाच लागतो. एकाच खिडकीपुरते पैसे असतील तर पश्चिमेची खिडकी निवडा. तिचं ऊन दिवसभर तापलेल्या घरात येतं आणि रात्रीच्या झोपेवर बसतं. बाहेरून काही लावणं शक्यच नसेल, तर निदान पडद्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा चकचकीत ठेवा. थोडं ऊन तरी परत फिरतं.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद?

या प्रश्नावरून घराघरांत वाद होतात. नियम सोपा आहे: बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तर उघडा, गरम असेल तर बंद करा. अंदाजाने ठरवू नका. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक खोलीत आणि एक बाहेर सावलीत लावा. आमच्याकडे सकाळी साडेआठ-नऊला बाहेरचा आकडा आतल्याच्या पुढे जातो, तेव्हा खिडक्या बंद होतात. रात्री बाहेरचा आकडा खाली आला की उघडतात. दिवसभर बंद घर कोंदट होईल असं वाटतं, पण बंद घर आणि वर पंखा हे गरम वाऱ्याच्या झोतापेक्षा सुसह्य असतं.

रात्री हवा खेळायला दोन वाटा लागतात, एक आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची. एकच खिडकी असेल तर दार उघडं ठेवून समोरच्या खोलीतली खिडकीही उघडा. वारा पडलेला असेल तर टेबलफॅन खिडकीशी, तोंड बाहेर करून ठेवा. विचित्र वाटेल, पण तो आतली तापलेली हवा ओढून बाहेर टाकतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप येते. गरम हवा वर चढते, म्हणून जिन्याच्या वरची झडप किंवा उंचावरची खिडकी असेल तर ती पहिली उघडा. अर्ध्या तासाने थर्मामीटर बघा, फरक दिसेल.

दमट हवेत, जिथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही, तिथे दिवसभर घर बंद ठेवून तितकासा फायदा होत नाही. अशा घरात सावली करून वारा वाहता ठेवणं बरं.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. रात्री दहा वाजताही छत भाजतं. काय करावं?

तुमचा खरा शत्रू स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी, नेमका झोपायच्या वेळी, ती उष्णता खाली सोडतो. स्टुलावर चढून छताला तळवा टेकवा. तळव्याला ऊब लागली, तर एसीचं बटण दाबण्याआधी गच्चीकडे बघायला हवं.

सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. कडक उन्हात गडद रंगाचं छप्पर ६५ अंश सेल्सिअसच्याही वर जातं. चांगला परावर्तक पांढरा लेप दिलेलं छप्पर त्याच उन्हात २५ ते ३० अंशांनी गार राहू शकतं. आधी भेगा बुजवून घ्या आणि गच्ची नीट वाळू द्या, नाहीतर लेप पापुद्र्यांसारखा सुटतो. धूळ बसून पांढरेपणा गेला की परिणामही उतरतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा घासून धुवा.

लेप जमत नसेल तर गच्चीवर थोड्या उंचीवर शेडनेट ताणा. कापड आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळायला जागा हवी. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारल्यानेही स्लॅब गार होतो, पण त्यात पाणी फार जातं आणि गळकी गच्ची असेल तर नवं दुखणं उभं राहतं. मी ते सुचवत नाही.

पंख्याने खोली गार होते का?

नाही, माणूस गार होतो. पंखा अंगाभोवतीची गरम, घामाने दमट झालेली हवा हटवतो आणि घाम लवकर उडवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा काहीच गार करत नाही. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच घालते. खोलीतून उठताना बटण बंद करणं ही सवय घरातल्या लहानांना लावायची असेल, तर त्यांना हे कारण सांगा. कारण कळलं की मुलं ऐकतात.

रेग्युलेटर कमी केला तर वीज वाचते का? आणि बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा घ्यावा का?

जुन्या, मोठ्या खोक्यासारख्या रेग्युलेटरमध्ये फारशी वाचत नाही. त्यात पंख्याला न दिलेली वीज रेग्युलेटरमध्येच तापून वाया जाते. हात लावला तर तो गरम लागतो. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये मात्र वेग कमी केला की वीज खरोखरच कमी लागते.

साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढंच वारं साधारण २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. दिवसाला पंधरा तास फिरणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २० युनिटच्या आसपास वाचतात. म्हणून सगळ्या घराचे पंखे एकदम बदलू नका. जो पंखा सगळ्यात जास्त तास फिरतो, बहुतेक घरांत झोपायच्या खोलीतला, तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही हाती लागणार नाही.

जुना पंखा मंद फिरत असेल तर नवा घेण्याआधी कंडेन्सर बदलून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच वेग परत येतो. पातीही पुसा. पातीच्या पुढच्या कडेवर जी काळी धूळ साचते, तिने वारा कमी होतो.

पंख्यासमोर बर्फाचं भांडं ठेवल्याने फायदा होतो का?

क्षणभर गार झुळूक येते, बस. एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ०.०९ युनिटइतकी उष्णता शोषतो. तो बर्फ बनवताना तुमच्या फ्रिजने तेवढी उष्णता, वर स्वतः वापरलेली वीज, मागच्या बाजूने घरातच सोडलेली असते.

कूलर बरा की एसी?

हवा कोरडी असेल तर कूलर, यात मला शंका नाही. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण ०.६८ युनिटइतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर जवळपास एक टनाच्या एसीएवढं काम करतो, आणि त्याच्या पंख्याला नि पंपाला मिळून १५० ते २०० वॅट लागतात. फरक इतकाच की तो खोलीतली नाही, बाहेरून ओढलेली हवा गार करतो. म्हणूनच कूलर खिडकीत हवा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी हवी. बंद खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तासाभरात खोलीचं न्हाणीघर करतो.

दमट हवेत त्याचा इलाज चालत नाही. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ३० च्या खाली येतच नाही, आणि अंग चिकचिकतं ते वेगळंच. चांगला कूलरही या खालच्या टोकाच्या थोडा अलीकडेच थांबतो.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, कडा घासून कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

कूलर आणि एसी एकत्र लावले तर?

अजिबात लावू नका. कूलर हवेत पाणी घालणार आणि एसी वीज खर्चून तेच पाणी काढत बसणार.

एसी कितीवर ठेवावा?

२६ किंवा २७ वर, सोबत पंखा. सेटिंग एक अंश वर नेलं की एसीची वीज साधारण ६ टक्क्यांनी कमी होते, असा ढोबळ हिशोब धरतात. पंख्याच्या वाऱ्याने दोन अंश तरी कमी असल्यासारखं वाटतं. म्हणजे २७ वरचा एसी पंख्याखाली अंगाला २५ सारखा लागतो.

हिशोब प्रामाणिकपणे करू. रात्रभरात एसीला ७ युनिट लागत असतील आणि २४ चं सेटिंग २७ केलं, तर सव्वा युनिट वाचतं. साधा पंखा आठ तास पूर्ण वेगात चालवला तर त्यातलं ०.६ युनिट परत जातं. बीएलडीसी पंखा मध्यम वेगात असेल तर फारच थोडं जातं. दोन्हींत फायदा आहे, पण पंखा लावून सेटिंग २४ वरच ठेवलं तर नुसता खर्च वाढतो. जपानमध्ये २००५ साली सरकारने कार्यालयांत एसी २८ वर ठेवण्याची मोहीम सुरू केली आणि त्यासोबत कोट-टाय बाजूला ठेवायला सांगितलं. घरातही तसंच आहे. अंगावर जाड पांघरूण घेऊन एसी २० वर ठेवण्यात काय अर्थ आहे?

१६ वर लावला तर खोली लवकर गार होते का?

जुन्या पद्धतीचा एसी १६ वर असो की २६ वर, कंप्रेसर एकाच जोराने चालतो. फक्त १६ वर तो थांबायचं नाव घेत नाही. इनव्हर्टर एसी हवं ते तापमान जवळ आलं की जोर कमी करतो, १६ चा हट्ट धरला तर त्याला तीही संधी मिळत नाही. खोली खूप तापली असेल तर आधी दहा मिनिटं खिडक्या उघडून पंखा जोरात लावा, गरम हवा जाऊ द्या, मग सगळं बंद करून एसी सुरू करा.

दोन तास बाहेर जायचं असेल तर एसी चालू ठेवणं परवडतं, हे खरं का?

खरं नाही. खोली बाहेरच्यापेक्षा जितकी जास्त गार, तितकी उष्णता जास्त वेगाने आत शिरते. एसी बंद असताना खोली तापत जाते आणि आत शिरणारी उष्णता कमी होत जाते. परत आल्यावर एसीला पंधरा-वीस मिनिटं जोर लावावा लागतो, तेवढंच. मात्र पाच-दहा मिनिटांसाठी सारखं चालू-बंद करू नका.

एसी चालू असूनही चिकचिक जात नाही. का?

कारण एसीची दोन कामं आहेत, हवा गार करणं आणि तिच्यातलं पाणी काढणं. अमेरिकी अभियंता विलिस कॅरियर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपलं पहिलं एसी यंत्र आखलं ते दमटपणावर उपाय म्हणूनच. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत.

एसीच्या पाण्याच्या नळीखाली एका रात्री बादली ठेवून बघा. सकाळी दहा लिटर पाणी साचलं असेल, तर तेवढी वाफ हवेतून काढायला एसीला साधारण दोन युनिट वीज लागली असं समजा. हे मी केलं त्यानंतर आमच्या घरात एसीच्या खोलीत कपडे वाळत घालणं बंद झालं. धुतलेल्या कपड्यांतले दोन-तीन लिटर पाणी एसीने गाळायचं, हा शुद्ध अपव्यय आहे. बाथरूमचं दार लावा. दाराखालच्या फटीतून दमट हवा येत राहते, तिथे जुनी चादर गुंडाळून ठेवली तरी चालते.

पावसाच्या आधीच्या उकाड्यात, जेव्हा तापमान फार नसतं पण जीव घुसमटतो, तेव्हा ड्राय मोड वापरा. त्यात पंखा हळू चालतो, पाणी चांगलं निघतं आणि वीज कमी लागते. भर कडक उन्हात मात्र त्याचा उपयोग नाही. आणि खोलीच्या मानाने फार मोठा एसी बसवला असेल तर तो पटकन गार करून थांबतो, पाणी काढायला वेळच देत नाही. मग गार पण ओलसर अशी खोली मिळते.

सर्व्हिसिंगशिवाय घरी काय करता येतं?

फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवून परत बसवा. तुंबलेल्या फिल्टरने हवा अडते आणि तितकाच गारवा मिळायला एसी जास्त वेळ चालतो. बाहेरच्या युनिटसमोर कुंड्या, जुनं सामान, वाळत घातलेली चादर ठेवू नका. त्याची गरम हवा मोकळी सुटली पाहिजे. त्यावर ऊन पडत असेल तर वरून आडोसा करा, पण चारी बाजूंनी कोंडू नका.

आणि एक लक्षात ठेवा: एसीमधला गॅस वापरून संपत नाही. दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधून बुजवायला सांगा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

नवीन एसी घेताना काय बघावं?

रोज चार-सहा तासांहून जास्त चालणार असेल तर इनव्हर्टर आणि वरच्या कार्यक्षमतेचा घ्या. वर्षातून पंधरा दिवस लागणार असेल तर महागड्या मॉडेलचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. ‘टन’ हे एसीच्या वजनाचं माप नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी काढण्याची ती क्षमता आहे, सुमारे साडेतीन किलोवॅट. आधी छत आणि खिडक्यांचं काम करा, मग एसीचं माप ठरवा. सावली झाल्यावर कदाचित एक टनातच भागेल.

बाकीच्या उपकरणांचं काय?

घरात वापरलेली जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होते. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब बहुतांश वीज उष्णतेतच घालवतो. तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. फ्रिजच्या मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, आतलं तापमान ३ ते ५ अंश पुरे. गिझर उन्हाळ्यात मुळातून बंद ठेवा. स्वयंपाक, इस्त्री, ओव्हन ही कामं शक्य तितकी सकाळी लवकर उरका आणि त्या वेळी एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

काटकसर कुठे करू नये?

घरात म्हातारी माणसं, तान्हं बाळ, गरोदर बाई, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर त्यांच्या खोलीत वीज मोजू नका. वय झालं की तहान आणि उकाडा दोन्ही उशिरा जाणवतात. “मला काही होत नाही” हे त्यांचं म्हणणं प्रमाण मानू नका, थर्मामीटर बघा. खोलीतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकी गरम हवा अंगावर घेतली तर शरीर उलट तापतं. तेव्हा एसी लावा, किंवा त्यांना गार जागी हलवा.

कुणी गोंधळल्यासारखं, असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून लाल झालं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. आधी रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत माणसाला सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी घालत राहा आणि जोरात वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.